अर्धा वेळ कोणाचा?

पेण काय आणि रोहा काय, खाजगी दवाखान्याचा दिवस दोन तुकड्यांचा असतो. सकाळी नऊ-दहाला सुरू झालेली ओपीडी एक-दीडला संपते, शटर अर्धे खाली येते, आणि संध्याकाळी पाच-सहाला पुन्हा वर जाते ते रात्री नऊपर्यंत. हा दिवस जिच्या जोरावर चालतो ती काउंटरवरची मुलगी (मुलगी आपली म्हणायची; ती पस्तिशीची, दोन लेकरांची आईही असते) नंबर लावते, केसपेपर काढते, वजन आणि बीपी घेते, बोटाला टोचून शुगर पाहते, नेब्युलायझर लावते, ड्रेसिंगला हात देते, गोळ्यांच्या पुड्या बांधते, वापरलेल्या सुया गोळा करते, टीबीच्या पेशंटची निक्षय पोर्टलवर नोंद भरते आणि एमआरना बाहेर बसवून ठेवते. हे सगळे कुठे शिकलीस, असे विचारले तर उत्तर ठरलेले: इथेच, बघून-बघून. या बघून शिकण्याला रीतसर प्रशिक्षणाचे रूप द्यावे का, हा आजचा वाद. काम चालू ठेवून अर्धवेळ शिक्षण, ठरलेला अभ्यासक्रम, बाहेरचा शिक्षक, बाहेरची परीक्षा आणि शेवटी मान्यता असलेले प्रमाणपत्र, असे त्याचे स्वरूप. त्यासाठी दोन माणसे समोरासमोर बसवली आहेत. एक पेणमध्ये वर्षानुवर्षे जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, दुसऱ्या रोह्याच्या निवृत्त सिस्टर, ज्यांची नोकरी वॉर्डात आणि परिचारिकांना शिकवण्यात गेली. दोघेही कल्पित आहेत. माझे मत सिस्टरांकडे झुकते, ते लपवत नाही. पण डॉक्टरांचे आक्षेप लटके नाहीत, म्हणून ते त्यांच्याच तोंडून आलेले बरे.

डॉक्टर : सिस्टर, तुम्ही म्हणता प्रशिक्षण नाही. मी म्हणतो, आहे, आणि तुमच्या कोर्सपेक्षा चांगलं आहे. आमच्या हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यात बघा. पोरगा साचे धुण्यापासून सुरुवात करतो, मग मूर्ती घासायला बसतो, मग रंग, आणि डोळ्यांची आखणी त्याच्या हातात यायला किती सीझन जातात ते कारखानदाराला विचारा. त्याला कुणी सर्टिफिकेट दिलंय? तरी पेणची मूर्ती परदेशात जाते. माझ्याकडची मुलगीही तशीच तयार होते. आधी नुसते केसपेपर, मग वजन-बीपी, मग ड्रेसिंगची तयारी, आणि प्रत्येक वेळी मी पाच फुटांवर असतो. माझे पेशंट कोण, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाची उधारी मागायची नाही, हे तिला कुठला अभ्यासक्रम शिकवणार? आणि तयार कोर्स काढून बघा. जनरल ड्यूटी असिस्टंटचा आहे. त्यात पेशंटला अंथरुणात आंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन देणं. सगळं वॉर्डातलं. माझ्याकडे बेडच नाही.

सिस्टर : कारखान्याचा दाखला तुम्हीच दिलात म्हणून तिथूनच सुरू करते. आखणी चुकली तर पुसून पुन्हा काढता येते, फार तर मूर्ती बाजूला ठेवतात. इन्सुलिनचं तसं नाही. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, पण १०० युनिटचंही मिळतं. सिरिंजही दोन, ४० साठी लाल टोपणाची आणि १०० साठी नारिंगी टोपणाची. १०० चं औषध ४० च्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत ओढलं, तर पेशंटच्या अंगात वीस नाही, पन्नास युनिट जातात. तुमच्या मुलीला तुमच्या कपाटातली सिरिंज ओळखता येते, मला मान्य आहे. पण म्हातारीच्या मुलानं मुंबईहून वेगळी बाटली आणून दिली आणि "ताई, कितीपर्यंत भरायची?" असं म्हातारीनं काउंटरवर विचारलं, की बघून शिकलेलं तिथे थांबतं. रोज जे घडतं तेवढंच बघून शिकता येतं. जे वर्षातून दोनदा घडतं, ते कुणीतरी मुद्दाम बसवून शिकवावं लागतं. आता विंचू घ्या. आपल्याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर आयुष्य घालवलं. दंशानंतर हृदयावर परिणाम होण्याआधी दिसणाऱ्या खुणांवर त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. उलटी, दरदरून घाम, हातपाय गार पडणं. या खुणा आधी कुणाला दिसतात? तुम्हाला नाही. तुम्ही आत असता. घामाघूम झालेल्या माणसाला "सव्वीस नंबर, बसा" म्हणायचं की थेट आत पाठवायचं, हे ती ठरवते. इतकं मोठं काम आपण तिच्यावर सोडलंय, आणि म्हणतो, ती केसपेपर काढते.

डॉक्टर : ते मी तिला सांगितलंय. छातीत दुखतंय म्हटलं की नंबर बघायचा नाही.

सिस्टर : छातीत दुखतंय म्हणणारा सोपा. दुसरी गोष्ट, शिकवावं की नाही हा प्रश्न तुमच्यापुरता २०१६ सालीच निकालात निघालाय. त्या वर्षीचे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम हॉस्पिटलला लागू आहेत तसेच एका खोलीच्या दवाखान्यालाही आहेत. कामावर घेताना प्रशिक्षण, त्यानंतर वर्षातून किमान एकदा पुन्हा, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, दरवर्षी आरोग्य तपासणी, हे सगळं दवाखाना चालवणाऱ्याच्या माथी आहे. सुई पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या, काचेच्या बाटल्या निळ्यात, हे भिंतीवर चिकटवून प्रशिक्षण होत नाही. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची जी साथ आली आणि माणसं दगावली, ती वापरलेल्या सिरिंज-सुया पुन्हा वापरल्यानं. तिथे चूक डॉक्टरांची होती, मुलींची नव्हे. पण "ही वापरलेली आहे, मी भरून देणार नाही" असं म्हणण्याइतकं बळ कुणामुळे येतं? बाहेर कुठेतरी शिकल्यामुळे. फक्त तुमच्याकडेच शिकलेली मुलगी तुमची चूक तुम्हाला दाखवणार नाही, कारण तिच्या दृष्टीनं ती रीतच असते.

डॉक्टर : हे लागलं मला, तरी मान्य. पण आता माझं ऐका. तुम्ही हिला प्रमाणपत्र दिलंत, फ्रेम करून तिनं भिंतीवर लावलं, आणि दोन वर्षांनी कुठल्या वाडीवर टेबल मांडलं, मग? बोगस डॉक्टर कुठून येतात? बऱ्याचदा आमच्याच काउंटरमागून. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी कायद्यात शिक्षा आहे, पण वाडीवरच्या माणसाला तो कायदा ठाऊक नसतो, त्याला भिंतीवरचा शिक्का दिसतो. २०२० साली एका खासदारांनी टीव्हीवर आपण डॉक्टरपेक्षा कंपाउंडरकडून औषध घेतो असं सांगितलं, तेव्हा राज्यातले डॉक्टर चिडले. लोक मात्र हसले, कारण त्यांना ते पटण्यासारखं वाटलं. आणि तुम्ही स्वतः नर्सिंगमधल्या. एएनएमला दोन वर्षं, जीएनएमला तीन वर्षं घालवावी लागतात. आठवड्यातून दोन दुपारी शिकून कुणी त्यांच्या शेजारी उभी राहिली तर तुमच्याच संघटना मोर्चा काढतील.

सिस्टर : काढतील, आणि आमच्या मुलींच्या जागी हिला स्वस्तात बसवलं तर मी त्या मोर्चात असेन. पण एएनएम झालेली मुलगी तुमच्या दवाखान्यात येते का? ती सरकारी भरतीची वाट बघते, नाहीतर पनवेलच्या हॉस्पिटलात जाते. तुमच्या काउंटरवर ज्या जागेबद्दल आपण बोलतोय ती नर्सची जागा नाहीच. ती कुणाचीच नाही. २०२१ मध्ये संसदेनं आरोग्यातल्या संलग्न व्यवसायांचा कायदा केला, त्यात नोंदणीसाठी किमान २,००० तासांचं शिक्षण धरलंय. आपली मुलगी त्या शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीच्याही खाली उभी आहे. आणि बोगसपणाचं म्हणाल, तर आज जी बाहेर पडून टेबल मांडते तिला अडवणारं काय आहे? तिला कुणी कधी सांगितलंच नाही की तिची हद्द कुठे संपते. प्रमाणपत्राच्या पहिल्या पानावर काय येतं याची यादी नको, काय करायचं नाही याची यादी हवी. डॉक्टर दवाखान्यात नसताना सुई टोचायची नाही. आपल्या मनानं गोळी द्यायची नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं स्वतःच्या पेशंटला औषध देण्याची सवलत डॉक्टरला दिलीय, काउंटरला नाही. रिपोर्ट वाचून अर्थ सांगायचा नाही. ही यादी दवाखान्यातही लावायची, पेशंटला वाचता येईल अशा जागी. मग शिक्का बघणाऱ्याला हद्दही दिसेल.

इथे लेखकाला थोडे मधे यावे लागते, कारण या दोघांच्या वादात एक तिसरी गोष्ट अध्याहृत आहे आणि तीच मला सर्वांत बोचते. रोह्याजवळ धाटावची एमआयडीसी आहे. आयटीआयतून निघालेला मुलगा तिथल्या रासायनिक कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून लागतो तेव्हा त्याच्या मागे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा असतो. लेखी करार, ठरलेला कालावधी, किमान विद्यावेतन, शेवटी परीक्षा. २०१९ च्या सुधारित नियमांनी दहावी झालेल्याला महिना ६,००० आणि बारावी झालेल्याला ७,००० रुपये किमान ठरवले, आणि २०१६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून त्यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार उचलते. त्याच मुलाची बहीण रोह्यातल्या दवाखान्यात लागली तर यातले काहीच नाही. कारण त्याच नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे, चार ते एकोणतीसला ऐच्छिक, आणि चारपेक्षा कमी असतील तर घेताच येत नाही. एक डॉक्टर आणि दोन मुली हा दवाखाना त्या उंबरठ्याच्या बाहेरच राहतो. दुकाने-आस्थापनांच्या कायद्याची कहाणी वेगळी नाही. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या डॉ. सुरतींच्या खटल्यात ठरवले की डॉक्टरचा खाजगी दवाखाना ही व्यापारी आस्थापना नव्हे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने दवाखान्याचे नाव व्याख्येत घेतले खरे, पण दहापेक्षा कमी कामगार असतील तर मालकाने नुसती सूचना द्यायची, बाकीच्या तरतुदी त्याला लागणार नाहीत, असेही तेव्हा त्यात ठरवले. म्हणजे एका घरातल्या दोन भावंडांपैकी एकाला कायदा शिकाऊ म्हणून ओळखतो, दुसरीला धड कामगार म्हणूनही नाही. दोघे सकाळी एकाच रिक्षाने निघत असतील.

डॉक्टर : मग झालं की. कायदाच म्हणतो दवाखाना लहान, इथे उमेदवारी नको. पाच दवाखाने एकत्र आले तरी ती एक आस्थापना होत नाही. आणि प्रमाणपत्रांचे कारखाने आपण पाहिलेत ना? २०२१ च्या जूनमध्ये कोविड योद्ध्यांचे क्रॅश कोर्स निघाले. सहा प्रकार, लाखावर लोकांना शिकवायचं. साथ ओसरली, पुढे ती मुलं कुठल्या दवाखान्यात दिसली? शिक्षण आधी आणि काम नंतर म्हटलं की मधल्या मधे कागद राहतो. समजा तुमचा कोर्स त्याहून बरा निघाला. मग तर आणखी वाईट. मी वर्षभर शिकवायचं, आणि कागद हातात पडला की ती कामोठ्याला नाहीतर पनवेलला मोठ्या हॉस्पिटलात जाणार. पेणहून गाडी आहे, शटलनं जाऊन-येऊन करील. लहान गावातल्या डॉक्टरनं मोठ्या शहराला माणसं तयार करून द्यायची, हा कुठला न्याय?

सिस्टर : क्रॅश कोर्सबद्दल तुमचं म्हणणं सोळा आणे खरं, आणि त्यावरचा उपाय तुमच्याच बोलण्यात आहे. शिक्षण आधी आणि काम नंतर, हे उलटं करा. जिला दवाखान्यात जागा आहे तिलाच प्रवेश. वर्गात शिकलेलं संध्याकाळी काउंटरवर, काउंटरवर अडलेलं पुढच्या वर्गात. जर्मनीत डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या सहाय्यकांना असंच तयार करतात, तीन वर्षांची उमेदवारी, आठवड्यातले काही दिवस शाळा आणि बाकी दिवस दवाखाना, आणि परीक्षा घेते डॉक्टरांचीच प्रादेशिक संस्था. २००६ पासून त्यांचा अभ्यासक्रम नव्यानं चालू आहे. २०२० पासून तिथे कुणालाही अशी उमेदवारी अर्धवेळ करता येते, तास निम्म्यापर्यंत कमी, आणि त्या मानानं मुदत वाढते, फार तर दीडपट. सगळं तसंच इथे आणा असं नाही म्हणत. तीन वर्षं आपल्याकडे कुणी थांबणार नाही. पण अर्धवेळची सोय कुणासाठी केली ते बघा. जिच्या घरी लहान मूल आहे, जिला म्हातारी सासू सांभाळायची आहे, तिच्यासाठी. अशी बाई पनवेलला जात नाही, डॉक्टर. ती जाऊच शकत नाही. पूर्णवेळ, परगावी कोर्स काढलात तर तुम्ही जाणाऱ्या मुली निवडता. अर्धवेळ, गावातच काढलात तर राहणाऱ्या बायका मिळतात. आज तुमच्याकडे विशीची मुलगी लागते, दोन वर्षांनी तिचं लग्न होतं आणि तुम्ही पुन्हा केसपेपरपासून सुरू करता. तो खर्च तुम्ही कधी मोजलाच नाही.

आणि शिकवणं आठवड्याला थोडं-थोडं, काम करता-करता केलं तर ते कच्चं राहतं, याला महाराष्ट्राइतकं उत्तर कुणी दिलेलं नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. गावातल्या आरोग्य सेविका, बऱ्याच निरक्षर, आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन तेच करायच्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निकाल आले, आणि बालमृत्यू, म्हणजे पहिल्या महिन्यातले, तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. तेही लांबचं वाटत असेल तर मांडवा घ्या. आपल्या जिल्ह्यातलंच, अलिबाग तालुक्यातलं. प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांनी १९७० च्या दशकात त्या परिसरातल्या तीसेक गावांत स्थानिक स्त्रियांना अर्धवेळ आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. शिकायला त्या कमी पडल्या नाहीत.

डॉक्टर : मांडवा बंद पडलं, सिस्टर. तेही सांगा.

सिस्टर : पडलं. बायकांच्या अकलेमुळे नाही, त्यांचं शिकणं ज्यांना अडचणीचं होतं त्यांच्यामुळे. गावचे पुढारी आणि सरकारी आरोग्य यंत्रणा, दोघांनाही.

डॉक्टर : मग माझाही मुद्दा तोच आहे. जामखेडला आरोळे होते, गडचिरोलीला बंग. त्यांनी त्या कामाला वाहून घेतलेलं. मी वाहून घेतलेलं नाही, मी दवाखाना चालवतो. मला भाडं भरायचंय, दोन पोरं शिकवायचीत. ध्येयवादी संस्थेत जे जमलं ते बाजारात जमेल असं गृहीत धरू नका. आणि आता एक विचारतो. तुमचे वर्ग कधी भरणार? दुपारी, दोन ते पाच. का? कारण दवाखाना बंद असतो. सोयीचं आहे, माझ्यासाठी. पण दुपार मोकळी कुणाची? पेणच्याच वाशी गावाकडच्या खारेपाटातून येणारी बाई एक वाजता सुटली की एसटी नाहीतर विक्रम रिक्षा पकडून घरी जाते, कारण त्या वेळी पाणी यायचं असतं, टँकर यायचा असतो, पोरगं शाळेतून यायचं असतं. पाचला ती पुन्हा इथे. रात्री नऊला सुटल्यावर गाडी मिळेल की नाही याची धाकधूक. तिची दुपार घेऊन तुम्ही तिला दिवसाचे बारा तास घराबाहेर काढणार, आणि त्याला अर्धवेळ म्हणणार. सकाळ-संध्याकाळ माझी, दुपार तुमची. तिचा अर्धा वेळ कोणता?

या जागी डॉक्टरांनी बाजी मारली, हे मान्य केले पाहिजे. कौशल्य विकासाच्या आपल्या बहुतेक योजनांमधली मूळ खोट त्यांनी नेमकी पकडली आहे. गरीब माणसाचा रिकामा दिसणारा वेळ फुकटचा समजून त्यावर वर्ग मांडायचे, आणि हजेरी गळाली की बायकांना शिकण्याची आवड नाही असा अहवाल लिहायचा. अर्धवेळ प्रशिक्षणाचा अर्थ कामाच्या वर आणखी शिक्षण असा असूच शकत नाही. कामाच्या तासांतून काही तास शिक्षणाला काढून द्यायचे, आणि ते तास कामाचेच धरायचे, असा असला तरच त्याला अर्धवेळ म्हणता येते. जर्मनीतली व्यवस्था टिकली ती यावर: शाळेसाठी मालकाने सोडायचे आणि तो वेळ कामात धरायचा, हे तिथे कायद्यात आहे. गंमत अशी की दुपार कुणाची हा प्रश्न बाईंची बाजू घेऊन विचारला डॉक्टरांनी, पण त्याचे प्रामाणिक उत्तर दिले तर खर्च त्यांच्याच अंगावर येतो. ते त्यांना ठाऊक होते असे मला वाटते. म्हणूनच कदाचित विचारले असावे.

सिस्टर : दुपारचं माझं चुकत होतं, बरं झालं बोललात. मग असं करू. आठवड्यातले दोन दिवस ती सकाळीच येईल. एकला सुटली की दोन ते पाच वर्ग, आणि त्या दोन संध्याकाळी सुट्टी. पगार पूर्ण. चार तास दवाखाना आणि तीन तास वर्ग, सातच्या वर दिवस जात नाही, आणि पाचला सुटली की उजेडात घरी. पाण्याचा प्रश्न त्या दोन दिवशी घरच्यांनी बघायचा, तेवढं तरी होऊ दे. पेणच्या बायकांचा वर्ग पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात, रोह्याच्यांचा रोह्याच्या. कासू-नागोठण्यावरून कुणी गाडीनं फेऱ्या मारायच्या नाहीत, फिरायचं ते शिकवणाऱ्यानं. वर्षाचे चव्वेचाळीस आठवडे धरले तर अडीचशेवर तास होतात. बीपी नीट घ्यायला शिकवणं म्हणजे काय, तर पेशंट पाच मिनिटं बसलाय का, हात हृदयाच्या पातळीत टेकलाय का, पट्टा त्याच्या दंडाला बसतो का. लसींचा फ्रिज दोन ते आठ अंशांत आहे का, वीज गेली तर काय. टीबीच्या पेशंटशी काउंटरवर मोठ्यानं बोलायचं नाही. इतकंच, पण पक्कं. वॉर्डातला कोर्स उचलून आणायचा नाही, तुमचं म्हणणं बरोबर होतं.

डॉक्टर : म्हणजे दोन संध्याकाळी मी एकटा. सोमवार सोडून, कारण सोमवारी मला चहाला उसंत नसते. पूर्ण पगार माझा, बदली माणूस माझा. सरकारचे पंधराशे रुपये तर मला मिळणारच नाहीत, त्या किमान चार माणसांच्या नियमानं.

सिस्टर : त्यासाठी भांडायला हवं, आणि भांडायचं तुम्ही, मी नाही. शिकाऊ उमेदवार कायद्यातच लिहिलंय की अनेक मालकांना एकत्र येऊन उमेदवारांना एकमेकांच्या आस्थापनांत फिरवून शिकवता येतं. एकत्र येऊ देणारा कायदा आणि चारपेक्षा कमी असाल तर येऊ नका म्हणणारा नियम, दोन्ही एकाच वेळी कसे चालतात? पेण आणि रोह्याच्या डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून मागणी केली, की दहा दवाखाने मिळून एक आस्थापना धरा, तर ती गैर नाही. तोवर अलिबागचं जन शिक्षण संस्थान आहे. ते मुळात १९६७ साली मुंबईत कामगारांसाठी निघालेल्या श्रमिक विद्यापीठाच्या कुळातलं, काम करणाऱ्यांना शिकवायचं म्हणूनच. आणि तुम्ही टीबीचा पेशंट नोंदवला की पाचशे, उपचार पूर्ण झाल्याचं कळवलं की आणखी पाचशे रुपये सरकार खाजगी डॉक्टरला देतं. ती नोंद करते कोण?

डॉक्टर : ते पैसे काढलेच तुम्ही शेवटी.

सिस्टर : काढले. बदली माणसाचा सगळा पगार त्यातून निघणार नाही, पण तिचं काम कागदावर कितीचं धरलं जातं ते तरी दिसतं.

डॉक्टर : बरं. माझ्या दोन अटी. परीक्षा माझी मुलगी माझ्याकडे देणार नाही, आणि शिकवणाऱ्याकडेही नाही. पेणच्यांची परीक्षा रोह्याच्या डॉक्टरांनी घ्यायची, रोह्याच्यांची आम्ही. ओळखीनं पास झालेली मला नको. आणि रुग्णालयातल्या सिस्टरांवर हे काम वरून टाकायचं नाही. त्या आधीच दोघींचं काम एकीनं करतात. तासाचे पैसे द्या नाहीतर तुमच्यासारख्या निवृत्तांना बोलवा. या दोन मान्य असतील तर जूनपासून माझ्याकडची एक पाठवतो.

सिस्टर : दोन्ही मान्य. जून मात्र नको. जून-जुलैत निम्म्या बायका लावणीला असतात, मग गणपतीपर्यंत तुमच्या पेणच्या कारखान्यांत हात कमी पडतात, आणि कुंडलिकेला पूर आला की रोह्याचा वर्ग आपोआप बंद. दिवाळीनंतर सुरू करू. आणि काय करायचं नाही याची ती यादी मी लिहून पाठवते, तुम्ही तुमच्या बाजूनं खोडा किंवा भर घाला.

डॉक्टर : भर घालीन. माझ्याकडे दोन-तीन गोष्टी आहेत ज्या तिनं करू नयेत, आणि ज्या मी आजवर तिच्याकडून करून घेत आलोय.